पहिले ऐब, मग भाव

"पहिले ऐब बोलायचा. भाव नंतर."

असं म्हणताना दादा उजव्या हाताचं एक बोट वर धरायचे, शाळेत पोरं धरतात तसं, आणि डाव्या हातातल्या चिमट्याने समोरच्याचं टपालाचं तिकीट दिव्याखाली न्यायचे. समोरचा भाव ऐकायला ताटकळलेला. दादांना घाई नसायची. "ये देखो, वरचा एक दात तुटलेला. मागून कागद पातळ झाला, कोणीतरी ओढून काढलं असणार. शिक्का एवढा जोरात मारला की राजाचं नाक गेलं. हां. आता भाव." तोवर तिकीटवाल्याचा चेहरा त्या राजापेक्षाही वाईट झालेला असायचा.

तुमच्या बाजारातही असा एखादा दुकानदार असेल, जो वस्तूची आधी निंदा करतो. अशाचं चालतं कसं, असा प्रश्न पडतो. दादांचं चालायचं, कारण पोटासाठी त्यांच्याकडे बटणं होती. उल्हासनगरात कॅम्प दोनच्या बाजारात त्यांचं बटणं आणि चेनींचं दुकान होतं. तिकिटं ही मागच्या बाकावरची गोष्ट. सिंधी लोक मोठ्या माणसाला दादा म्हणतात, आपणही म्हणतो, त्यामुळे त्यांचं नाव विचारायची वेळ फारशी कोणावर आली नाही. मीही ते इथे लिहीत नाही.

त्यांच्याच रीतीने मलाही ऐब आधी सांगायला हवा. या माणसाला मी चारचौघांत खोटं ठरवलं. ते खोटे नव्हते. हे मला कळलं तेव्हा ते जिवंत होते, रोज दुकानात येत होते, आणि मी बोललो नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या तिकीटवाल्यांत अजूनही कोणी म्हणतं, "तो बटणवाला? त्याच्याकडे नकली माल असायचा." तसं नव्हतं. तो समज माझ्यामुळे पसरला.

हा ऐब झाला. आता माणूस सांगतो.

मी अंबरनाथ एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होतो. पार्टीने दिलेल्या कापडाच्या तुकड्याशी आमचा रंग जुळतो का, हे बघणं माझं काम. एके दुपारी गेटवरच्या वॉचमनने फोन केला, "साहेब, एक शेठ आलाय, बेंझिन मागतोय, एक चमचा." मला वाटलं, चेष्टा असेल. बाहेर गेलो तर पांढरा पायजमा-शर्ट घातलेला एक ठेंगणा माणूस रिक्षा थांबवून उभा. हातात होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली.

"वॉटरमार्क बघायचा आहे, साहेब," ते म्हणाले. "काळ्या झाकणात तिकीट उलटं ठेवायचं, वर बेंझिनचा थेंब. कागदातली खूण दिसते. पाणी लावलं तर तिकीट मरतं."

"आणि यासाठी कॅम्प दोनहून रिक्षाने आलात?"

"रिक्षावाला पण विचारत होता," ते म्हणाले. "त्याला बोललो, तू मीटर बघ, मी तिकीट बघतो."

मला लहानपणापासून तिकिटांचा नाद होता. दादांची बाटली मी भरून दिली, आणि त्या रविवारी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. तिथून आमचं सुरू झालं. ते मला लॅबसाहेब म्हणायचे. आधी त्यात थोडी थट्टा होती, नंतर ते माझं नावच झालं.

तिकीट हातात घेण्याआधी दादांचा एक विधी असे. दोन्ही तळवे मलमलच्या फडक्याने पुसायचे, उलटे करून स्वतः बघायचे, मग समोरच्यापुढे धरायचे, जणू तपासणी द्यायची आहे. आणि मग समोरच्याचे हात बघायचे. माझे हात लॅबमधल्या रंगांनी कायम डागाळलेले. "लॅबसाहेब, तुम्ही लांबून बघा," ते म्हणायचे. "तुमचा हात लागला तर हिरव्या राजाला कावीळ होईल."

त्यांचा जीव होता तो महायुद्धाच्या काळात छापलेल्या तिकिटांवर. सहाव्या जॉर्ज राजाचं डोकं असलेली ती लहानशी तिकिटं तुम्हीही कोणाच्या तरी जुन्या पेटीत पाहिली असतील. फाळणी झाली तेव्हा पलीकडच्या नव्या देशाकडे स्वतःची तिकिटं छापून तयार नव्हती. तोवर याच तिकिटांवर पाकिस्तान अशी इंग्रजी अक्षरं उमटवून काम भागवलं. काही छापखान्यात उमटवली, काही टपाल कचेऱ्यांनी रबरी शिक्क्याने हातानेच मारली. हाताने मारलेल्यांची किंमत जास्त, आणि रबरी शिक्का कोणीही बनवू शकतो म्हणून नकलाही त्यांच्याच जास्त. अशा तिकिटाचा रंग, शाई, कागद सगळं बघावं लागतं.

रंग ओळखायला दादांकडे एक मोठा पुठ्ठा होता. त्यावर बटणं शिवलेली. एक रांग हिरव्यांची, पोपटीपासून शेवाळीपर्यंत. एक रांग लालांची, एक निळ्यांची. एखाद्या तिकिटाची छटा वेगळी दिसली की दुकानातल्या डब्यांतून तिला जुळणारं बटण शोधायचे आणि पुठ्ठ्यावर शिवून टाकायचे. तिकीट गिऱ्हाइकाचं, ते परत जायचं. बटण राहायचं.

"रंग डोक्यात ठेवायचा नसतो, लॅबसाहेब," ते सांगायचे. "डोकं झूठ बोलतं. बटन नाही बोलत."

जांभळ्याची रांग सगळ्यात लहान होती, दोनच बटणांची. "जामनी बटन कोण शिवतो? माल पडून राहतो," असं त्यावर त्यांचं म्हणणं.

बटणांच्या धंद्यात कसे पडलात, असं मी एकदा विचारलं. फाळणीनंतर त्यांचं कुटुंब सिंधमधल्या शिकारपूरहून आलं ते थेट इथल्या बराकीत. युद्धात इथे फौजेचा तळ होता, त्याच बराकींमध्ये सरकारने या लोकांना जागा दिली. दादा तेव्हा पाच-सहा वर्षांचे. "आम्ही पोरं बराकीच्या बाजूची माती उकरायचो. सोल्जर लोकांची पितळेची बटणं सापडायची. घासून चमकवायचो आणि खेळात लावायचो. माझ्याकडे सगळ्यात जास्त असायची. मा बोलली, हा बटनातच जाणार." मग हसून म्हणाले, "धंद्याचं भांडवल मातीतून काढलं, साईं. व्याज नाही, काही नाही."

मधल्या काळात मोबाइलवर एक निरोप फिरत होता की राजाच्या डोक्याच्या तिकिटाला लाखो रुपये मिळतात. त्या दिवसांत दादांच्या दुकानात बटणांपेक्षा तिकिटांची गर्दी. बदलापूरच्या पलीकडून एक रिक्षावाला आला होता, तो मला अजून दिसतो. प्लास्टिकच्या पिशवीत एक पाकीट, छातीशी धरलेलं. आजोबा युद्धावर गेले होते, तिथून त्यांनी घरी पाठवलेलं. आणि त्यावरचं तिकीट कात्रीने व्यवस्थित कापून वेगळं आणलं होतं.

"शेठ, गावात बोलतात दोन लाखांचं हाय," तो म्हणाला. "घरावर पत्रे टाकायचे हायत."

दादांनी हात पुसले. बोट वर धरलं. "ऐब बोलतो हां, वाईट वाटून घेऊ नको. तिकीट कापलं, ते चुकलं. पाकिटावर होतं तर काही मिळालं असतं. आता याचे पन्नास रुपये."

त्याचा चेहरा पाहवेना. "पन्नास? अहो, रिक्षाची सीएनजी बी नाय व्हायची."

"थांब." दादांनी पाकीट दिव्याखाली धरलं. "हा गोल शिक्का फौजेच्या टपालाचा. हा बाजूचा सेन्सॉरचा. म्हणजे तुझ्या आज्याचं पत्र कोणीतरी साहेबाने वाचलं, मग घरी जाऊ दिलं. पत्र गेलं कुठे?"

"चुलीत. आजी लिहायला-वाचायला नव्हती शिकलेली. पाकीट तेवढं ठेवलं."

"माझ्या मा ने पण पाकीटच ठेवलं," दादा हळूच म्हणाले. मग त्यांनी कापलेलं तिकीट त्याच्या भोकाशी नीट जुळवून कागदी पट्टीने मागून अडकवलं, गोंद न लावता. "विकू नको. काच लावून घरात ठेव. पत्र्यांसाठी माझा एक भाचा आहे, त्याला माझं नाव सांग, बाजारभावापेक्षा कमी लावेल."

तो गेल्यावर मी म्हटलं, "दादा, तुमचा फायदा काय झाला?"

"पन्नास रुपयांचं नुकसान वाचलं," ते म्हणाले. "विकत घेतलं असतं ना मी ते."

माझ्या मा ने पण पाकीटच ठेवलं, या त्यांच्या वाक्यावर मी तेव्हा काही विचारलं नाही. बऱ्याच महिन्यांनी त्यांनीच दाखवलं. दुकानामागेच त्यांचं घर, त्याच जुन्या बराकीचा भिंती घालून वेगळा केलेला तुकडा. कपाटातून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेलं एक पाकीट काढलं. त्यावर राजाची नऊ पैची दोन हिरवी तिकिटं, आणि दोन्हींवर हाताने मारलेली पाकिस्तानची जांभळी छाप. पत्ता बराकीचा. तेव्हा उल्हासनगर हे नावही नव्हतं, कल्याण कॅम्प म्हणत.

"माझ्या काकाने पाठवलेलं. सगळे निघाले, काका मागे राहिला. बोलला, दुकान आवरतो, पुढच्या जहाजाने येतो." दादांनी पाकीट माझ्यासमोर ठेवलं, पण बोट त्याच्या कडेवरून काढलं नाही. "हे आलं. काका नाही आला. बाबांनी वर्षभर बंदरावर जाऊन विचारलं. आतलं पत्र वाचून वाचून फाटलं, बाबांबरोबर गेलं. हे मा ने ठेवलं."

मी भिंगातून पाहिलं. छापेतल्या के या अक्षराचा खालचा पाय तुटलेला होता. रबराचा तुकडा तिथे उडालेला असणार. "दादा, दुर्मीळ आहे," मी म्हटलं.

"भाव नका सांगू," ते पटकन म्हणाले. आयुष्यात एकदाच मी त्यांना भाव नको म्हणताना ऐकलं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

अंबरनाथला आम्हा तिकीटवाल्यांचं एक मंडळ होतं. मी त्याचा सचिव. निवृत्तीनंतर मला तेवढंच पद उरलं होतं, आणि ते मी फार सांभाळायचो. लोक मात्र तिकीट दाखवायला दादांकडे जायचे, हे मला टोचत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. एका वर्षी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही प्रदर्शन भरवलं. दादांनी ते पाकीट लावावं म्हणून मीच मागे लागलो. ते नको नको म्हणत होते. "घरातली चीज आहे, लॅबसाहेब. बाजारात कशाला?" मी म्हटलं, "बाजार नाही, आपलीच माणसं आहेत."

दुपारी मुंबईहून आलेले एक तिकीटव्यापारी फिरत फिरत दादांच्या टेबलाशी थांबले. "या छापेत नकली काम फार होतं," ते म्हणाले. वाईट हेतूने नव्हे, व्यापारी म्हणतात तसं. कोणीतरी म्हणालं, "मग आपल्या लॅबसाहेबांना विचारा की. रंगातला माणूस." पंधरा-वीस जण गोळा झाले. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी पाकीट उचललं. नुकताच वडा खाल्ला होता, हात पुसले नाहीत. खिशातला पांढरा रुमाल काढला, त्याचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं आणि छापेच्या कडेला टेकवलं. रुमालावर जांभळा ठिपका उमटला. रुमाल सगळ्यांना दिसेल असा वर धरून मी म्हणालो, "निघतोय बघा. हा रंग आमच्या कंपनीत पिंपांनी बनायचा. अहो, शेवटी कॅम्पातला माल. तिथे काय बनत नाही?"

सगळे हसले. उल्हासनगरात परदेशी शिक्का मारून काहीही मिळतं, हा विनोद आमच्याकडे जुना आहे. तो ऐकून सिंधी लोकही हसतात. दादाही एरवी हसायचे.

त्या वेळी ते रिकामे दोन पुठ्ठे हातात धरून उभे होते. "पाणी लावलंत?" एवढंच म्हणाले. पुढे आले, मलमलचं फडकं काढलं, ओल्या जागेवर न घासता नुसतं दाबून धरलं. छापेच्या कडेचा जांभळा रंग हिरव्या राजाच्या गालावर पसरला होता. त्यांनी पाकीट पुठ्ठ्यांत ठेवलं आणि त्या व्यापाऱ्याकडे बघून म्हणाले, "ऐब नव्हता, शेठ. आता आहे."

आणि गेले.

रबरी शिक्क्यांची जांभळी शाई शंभर वर्षांहून जुनी आहे. सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत, दवाखान्यांत, सगळीकडे तीच. ती जुनी असो वा कालची, पाण्याने निघतेच. आमच्या कंपनीत तो रंग बनत होता याचा अर्थ एवढाच की तो रंग सगळीकडे होता. लॅबमध्ये नव्याने लागलेल्या पोरालाही हे माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. पण त्या क्षणी पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला ते आवडत होतं.

बातमी पसरायला आठवडा लागला नाही. कोणी त्यांना तोंडावर काही बोललं नसेल. फक्त लोक जायचे थांबले. दादा पुन्हा प्रदर्शनाला आले नाहीत, मंडळात आले नाहीत. मीही दुकानात गेलो नाही. पण माझ्याकडे माणसं येऊ लागली. हातात तिकिटं, आणि तोंडी एकच निरोप, "बटनवाल्या दादांनी पाठवलं. बोलले, आता लॅबसाहेब बघतात." मला वाटायचं, हा टोमणा आहे. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग एक सिंधी आजी आल्या, सुनेबरोबर. त्यांच्याकडेही एक पाकीट होतं. त्या वेगळ्या घरच्या, दादांशी ना नातं ना व्यवहार. पाकीट मात्र दादांच्याच गावचं, त्याच दिवसांतलं. "दादाने भेजा है," आजी म्हणाल्या. "पहले उनको दिखाया. बहुत देर देखते रहे. फिर बोले, अंबरनाथ जाओ, लॅबसाहेब सही बोलेंगे." सून म्हणाली, "आणि हे पण बोलले, हात पुसून बघायला सांगा."

मी उठून हात धुतले, कोरडे केले. भिंग घेतलं. टपालाचा काळा शिक्का जांभळ्या छापेच्या वर पडलेला होता, म्हणजे छाप आधीची, टपालात जाण्यापूर्वीची. यात खोटं काही नव्हतं. आणि मग के दिसला. त्याचा खालचा पाय तुटलेला होता. तोच रबरी शिक्का, त्याच कचेरीतला.

म्हणजे दादांचं पाकीट असली होतं.

दादांनी हे पाकीट आधी पाहिलं होतं, बराच वेळ पाहिलं होतं. तुटका पाय त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. ते स्वतः कोणाला काही सांगायला गेले नाहीत. ती आजी त्यांनी माझ्याकडे पाठवली. बोलायची संधी त्यांनी माझ्या दारात आणून ठेवली.

"असली आहे," मी आजींना सांगितलं. त्या हात जोडून गेल्या. पुढच्या बैठकीत मी त्यांच्या पाकिटाबद्दल ऐटीत बोललो, काळा शिक्का वर कसा, वगैरे. एकाने विचारलं, "मग त्या बटणवाल्याचंही असंच होतं ना?"

मी म्हणालो, "ते वेगळं."

हे दोन शब्द त्या ओल्या रुमालापेक्षा वाईट. रुमालाच्या वेळी मी मूर्ख होतो. या वेळी मला सगळं माहीत होतं.

एकदा गेलो मी दुकानात. ठरवून गेलो. दादांनी नेहमीचं स्टूल पुढे सरकवलं, "आओ लॅबसाहेब," म्हणाले, चहा सांगितला. गुडघे कसे आहेत, मुलगा काय करतो, चिखलोलीला स्टेशन होणार म्हणतात ते कधी, अशा गोष्टी झाल्या. शेवटी मी म्हटलं, "दादा, त्या पाकिटाचं..."

त्यांचं बोट वर गेलं. नेहमीचं, शाळेतल्या पोरासारखं. ते बोट तसंच धरून ते माझ्याकडे बघत राहिले. ऐब ऐकायची तयारी करून बसले होते.

"...जपून ठेवा," मी म्हटलं.

बोट हळूहळू खाली आलं. "हां," ते म्हणाले. "ठेवलं आहे." आणि चहाच्या ग्लासाखालचं पाणी फडक्याने पुसू लागले.

पुढे मी मुलाकडे चिखलोलीला राहायला आलो. गुडघ्यांनी जाणं-येणं थांबवलं. दादा गेल्याचं मला उशिरा कळलं, तेही बटणं आणायला गेलेल्या सुनेकडून. "त्या दुकानात हार घातलेला फोटो होता," ती म्हणाली. मी त्या दिवशी जेवलो नाही. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी सुनेला घेऊन गेलो. दुकानात आता मुलगा बसतो. पन्नाशीचा असेल, टक्कल पडलेलं, बोलणं बापासारखंच घाई नसलेलं. मी त्याला प्रदर्शनातलं सगळं सांगितलं. रुमाल, विनोद, ती आजी, माझं "ते वेगळं". गिऱ्हाइकं येत होती, तो चेनी मोजून देत होता आणि ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अंकल, मुझे मालूम था कुछ हुआ है. बाबा ने सगळं कधी सांगितलं नाही. मला काय करायला सांगता?"

"पाकीट एका महिन्यासाठी द्या."

त्याने दिलं.

मंडळ आता नावापुरतं उरलं आहे, सात-आठ म्हातारे. मी पाकीट लावलं आणि खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली. "ऐब: छापेवर पाण्याचा डाग. डाग मी लावला. छाप असली आहे. टपालाचा काळा शिक्का तिच्यावर पडलेला आहे, भिंगाने पाहा. मी तेव्हा पाहिला नाही." खाली नाव, पत्ता, सही. त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी दोघे होते. एकाने चिठ्ठी दोनदा वाचली.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटते," मी म्हटलं. त्याने भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ बघत बसला.

पाकीट परत करायला गेलो तेव्हा दादांच्या मुलाने फळीवरून बटणांचा पुठ्ठा काढला. "ये आप रखो. आमच्यात हे कोणाला समजत नाही." धूळ झटकून त्याने तो काउंटरवर ठेवला. हिरवी रांग, लाल रांग, निळी रांग, सगळं माझ्या ओळखीचं. खाली जांभळी रांग. दोन बटणांची ती रांग आता पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत जाऊन दुसऱ्या ओळीत वळली होती.

"हे कधी शिवलं?"

"तुमच्या त्या प्रदर्शनानंतर. कॅम्पातल्या जुन्या लोकांकडे जायचे. त्यांचे पुराने कागज मागायचे. राशन कार्ड, शाळेचा दाखला, कोणाचा दवाखान्याचा पर्चा. त्या वेळचा जामनी शिक्का ज्याच्यावर असेल तो. घरी आणायचे, बटन जुळवायचे, शिवायचे, कागज परत करायचे. मी बोललो, बाबा, आता कशाला? तुम्हाला माहीत आहे ना काकाचं पाकीट असली आहे?" त्याने पुठ्ठा माझ्याकडे वळवला. "तर बोलले, लॅबसाहेब ने बोला है. वो रंग का आदमी है. त्याने बोललं तर बघायला पाहिजे, तेव्हा असा रंग होता का. कदाचित मा चुकली असेल."

मी स्टुलावर बसलो. तेच स्टूल होतं.

मला वाटत आलं होतं की दादा मनातून मला खोटारडा म्हणत असतील. ती कल्पना मी इतकी वर्षं सहन केली, तिची सवय झाली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. त्या आजींच्या पाकिटाने त्यांची खात्री झाली असेल का? मी "ते वेगळं" म्हणालो हे त्यांच्या कानावर गेलं असेल का, आणि मग ते पुन्हा शिवायला बसले असतील का? मुलाला सांगता आलं नाही.

सवयीने मी हात पुसले. पाकीट पुठ्ठ्यांतून काढून जांभळ्या रांगेवर धरलं आणि डाग न लागलेला कोपरा एकेका बटणाशी नेला. तिसरं बटण, म्हणजे प्रदर्शनानंतर शिवलेलं पहिलंच, जुळलं. लॅबमध्ये असतो तर रंग जुळला म्हणून तिथेच सही केली असती. त्याच्या पुढे पंधरा-सोळा बटणं होती. शेवटचं बटण दोनच टाके घालून सोडलेलं, दोरा न तोडलेला, आणि सुई पुठ्ठ्यात तशीच खोचलेली.